मावळतीची खिडकी

कोंबड्यांची शेड बांधायची तर तिची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी. म्हणजे उघड्या बाजू उत्तर-दक्षिण येतात आणि मावळतीचे ऊन अरुंद भिंतीवर आदळून तिथेच थांबते. कांदाचाळीला खालून हवा मिळाली पाहिजे, नाहीतर कांद्याला घाम सुटतो. गोठ्याचे छप्पर मध्ये उंच हवे, तापलेली हवा वरून निघून गेली पाहिजे. गेली तीस-बत्तीस वर्षे मी हे गावोगावच्या पारावर बसून सांगत आलो आहे. झोपेतून उठवून विचारले तरी सांगेन. आणि तरीही २०१४ साली स्वतःचे घर बांधले तेव्हा यातली एकही गोष्ट मला आठवली नाही. हे आधीच कबूल करतो, म्हणजे पुढचे सांगायला मी मोकळा.

आमचे गाव लातूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला. १९९३ साली ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मला नोकरीला लागून दीड वर्ष झाले होते. गणपती बोळवून लोक झोपले होते. दगडमातीच्या दोन-दोन, तीन-तीन फुटी भिंती आणि वरचे मातीचे माळवद हजारो माणसांच्या अंगावर आले. आमच्या गावात माणूस दगावले नाही, पण आमच्या घराची मागची भिंत पोट सुटल्यासारखी बाहेर आली. वडिलांनी दुसऱ्या वर्षी ते घर आपल्या हातांनी उतरवले. "आता डोक्यावर माती नको अन् बाजूला दगड नको," असे ते म्हणत. त्यानंतरची वीस वर्षे आम्ही पत्र्याखाली काढली. वडील पत्र्याखालीच गेले. स्लॅबचे घर बांधायचे हा त्यामुळे आमच्या घरात नुसता विचार नव्हता, तो नवस होता.

त्या जुन्या घराला खिडक्या म्हणाव्यात अशा दोनच होत्या. बाकी उजेड यायचा तो माळवदातल्या सवण्यातून. भिंतीत दिवळ्या होत्या, पण त्या दिवा ठेवायला. आम्ही शिकायला बाहेर पडलेली पोरे त्या घराला अंधारकोठडी म्हणायचो. परभणीला कृषी विद्यापीठाच्या वसतिगृहात मोठाल्या खिडक्या पाहिल्या आणि मनाने घेतले की आपले घर होईल तेव्हा त्याला भरपूर काच असेल. नव्या घराला सहा फूट बाय चार फुटांच्या तीन सरकत्या खिडक्या बसवल्या. ॲल्युमिनियमची चौकट, गडद निळी काच. तिन्ही पश्चिमेला, कारण रस्ता पश्चिमेला. घराचे तोंड रस्त्याकडे, आणि तोंडावर दागिना हवाच! वास्तुशांतीला आलेल्या पाहुण्यांनी घराआधी खिडक्यांचीच तारीफ केली. मला ती गोड लागली.

त्यातल्या एका खिडकीमागची खोली मायला दिली. तिनेच ती मागितली होती. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून तिचे बाहेर फिरणे थांबले होते. खिडकीशी खाट टाकली की रस्ता दिसायचा. कोण बाजाराला निघाले, कोणाची बैलगाडी, कोणाची सून माहेराहून आली, सारे तिला बसल्या जागी कळायचे. थंडीचे चार महिने ती त्या खोलीत सुखात राहिली.

मग २०१५ चा मे आला. एका दिवशी संध्याकाळी मी दौऱ्यावरून आलो तो सौ. दारातच उभी होती. माय खाटेवर पडून होती, अंग तव्यासारखे आणि कोरडे, घामाचा थेंब नाही. वडील गोठ्यात आहेत, त्यांना भाकरी दे, असे ती सुनेला सांगत होती. वडिलांना जाऊन तेव्हा चार वर्षे झाली होती. ओल्या चादरीत गुंडाळून जीपमधून तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेले. वाटेभर सौ. तिच्या मानेवर, काखेत ओला पंचा फिरवत होती. डॉक्टर म्हणाले, ते केलेत म्हणून बरे. उष्माघात होता. तीन दिवसांनी माय घरी आली, पण खोलीत पाऊल टाकेना. गोठ्याच्या पश्चिमेला तुराट्यांची ताटी बांधलेली होती, तिच्या सावलीत बाजेवर जाऊन बसली आणि मला म्हणाली, "लोकाच्या कोंबड्याला सावली करा म्हणून सांगत हिंडतूस, अन् मायला काचंच्या पेटीत ठिवतूस व्हय रं?"

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे काही नव्हतेच.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली. हरितगृहांच्या भेटींसाठी वापरायचा एक तापमापक घरी पडून होता, तो त्या खोलीत टांगला आणि दुसरा बाहेर लिंबाच्या सावलीत. दुपारी दोनला दोन्हीकडे फारसा फरक नव्हता. खरी गंमत चारनंतर सुरू झाली. बाहेरचा पारा उतरायला लागला आणि आतला चढायला. सहा वाजता बाहेर ३८ अंश होते, आत ४१. रात्री अकराला बाहेर ३० आणि आत अजून ३६. म्हणजे ज्या वेळी माणसाने टेकायचे, अंग टाकायचे, नेमकी त्याच वेळी ती खोली भट्टी होत होती.

याचे कारण मी स्वतः शेतकऱ्यांना शिकवत होतो, फक्त दुसऱ्या नावाने. हरितगृहाचा कागद ऊन आत घेतो. ते ऊन जमिनीवर, झाडांवर पडून त्याची ऊब होते आणि ती ऊब त्या आच्छादनातून तशीच परत बाहेर पडत नाही. म्हणून तर थंडीत आत फुले येतात. काचेचा गुण तोच, कागदापेक्षा चार आणे जास्तच. सहा बाय चार म्हणजे चोवीस चौरस फूट. मे महिन्यात पाच वाजता पश्चिमेच्या तेवढ्या साध्या काचेतून जी उष्णता आत येते ती हजार वॅटच्या विजेच्या शेगडीच्या आसपास भरते. मायच्या खाटेशेजारी मी रोज दोन-तीन तास न दिसणारी शेगडी पेटवून ठेवत होतो. निळ्या काचेने थोडे ऊन अडते, पण जे अडते त्याने काचच तापते आणि ती तापलेली काच आत धग देत बसते. हात लावला तर चटका बसत होता.

छज्जा होता की, असे कोणी म्हणेल. होता, चांगला दोन फुटी. पण छज्जाचे काम वरून येणाऱ्या उन्हाशी. मेच्या मध्यावर आमच्याकडे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, उभ्या काठीची सावली पडत नाही. त्या उन्हाला छज्जा पुरतो. पाच वाजता मात्र सूर्य इतका खाली आलेला असतो की दोन फुटी छज्जाची सावली खिडकीवर जेमतेम फूटभर उतरते. खालची तीन फूट काच उघडीच. दक्षिणेच्या खिडकीची गोष्ट अगदी उलटी. उन्हाळ्यात सूर्य माथ्यावरून जातो म्हणून तिच्यात ऊन शिरतच नाही, आणि डिसेंबरात तो दक्षिणेकडे कललेला असतो म्हणून हवेहवेसे ऊन घरात येते. आपल्या मुलखात दक्षिण आणि उत्तर या गरीब गायी आहेत. मारकी आहे ती पश्चिम. पूर्वही थोडी शिंग उगारते, पण सकाळी घर रात्रभर निवलेले असते, त्यामुळे सोसते.

आता उपायाचे सांगतो. पहिला उपाय मी सर्वजण करतात तोच केला, जाड पडदा लावला. खोलीत अंधार झाला, पारा जेमतेम अंशभर उतरला. ऊन काचेतून आत आल्यावर पडद्याने अडवले तर ती ऊब आतच राहणार, तिला परतीची वाट नाही. हरितगृहात सावलीची जाळी कागदाच्या वरून, बाहेरून ताणली तर जास्त उपयोगी पडते हे मला २००३ साली तळेगाव दाभाड्याच्या प्रशिक्षणात शिकवले होते, वहीत लिहूनही घेतले होते. मग गोठ्याची ती तुराट्यांची ताटीच उचलली आणि खिडकीच्या बाहेर, काचेपासून हातभर अंतर सोडून उभी केली. मधून वारा वाहता राहिला पाहिजे म्हणून अंतर. त्या दिवशी सहा वाजता आतला पारा बाहेरच्या वर गेला नाही. एक पैसा खर्च झाला नव्हता.

पण माय रुसली. "रस्ता झाकलास," म्हणाली. आणि ते खरे होते. त्या खिडकीतून ऊन येत होते तसे गावही येत होते. ऊन अडवले आणि गावही अडवले. सरकारी योजनांमध्ये असे पुष्कळदा होते, एक सुधारताना दुसरे मोडते. घरात मात्र ते लगेच दिसते, कारण मोडलेले माणूस समोर बसलेले असते.

यावर तोड निघाली ती जुन्या घराच्या आठवणीतून. त्या घराला खिडक्या नव्हत्या तरी आजीला साऱ्या गावाची बित्तंबातमी असायची. ती बसायची ओसरीवर! बघायची जागा आणि झोपायची जागा आमच्या जुन्या माणसांनी वेगळ्या ठेवल्या होत्या. आम्ही दोन्ही कामे एका काचेवर टाकली. त्या पावसाळ्याआधी पश्चिमेच्या भिंतीला लागून सहा फूट रुंदीची पडवी काढली. वर सिमेंटचे पत्रे, पत्र्याखाली बांबूच्या तट्ट्या. पडवीच्या पुढच्या कडेला बुरूडाकडून करून घेतलेला तट्ट्यांचा पडदा, दोरीने वर गुंडाळता येणारा. दुपारी तीनला खाली सोडायचा, सूर्य टेकला की वर ओढायचा. पडवीच्या दोन्ही टोकांना दोडक्याचे वेल चढवले. माय सकाळभर आणि दिवेलागणीनंतर पडवीत, दुपारी आत. सहा बाय चारची सरकती खिडकी काढली आणि तिच्या जागी तीन बाय चारची लाकडी झडपांची बसवली.

ती झडपे कुठली? १९९४ मध्ये वडिलांनी घर उतरवले तेव्हा दोन्ही खिडक्यांची सागवानी झडपे त्यांनी गोठ्याच्या माळ्यावर टाकून ठेवली होती. "कधीतरी लागतील," म्हणाले होते. वीस वर्षांत त्यांना वाळवी लागली नव्हती. सुताराने चौकट नवी केली, बिजागऱ्या बदलल्या, अलसीचे तेल पाजले. प्रत्येक झडप आडवे दोन भागांत कापलेले होते, खालचे बंद ठेवून वरचे उघडता येते. लहानपणी ही रचना कशाला असेल असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. ती रात्रीसाठी होती.

आणि खिडकीचे खरे काम रात्रीचेच आहे. आमच्याकडची उन्हाळ्याची हवा दिवसा तापते पण कोरडी असल्याने रात्री चांगली निवते. दिवसभर भिंती आणि स्लॅब ऊन पितात. रात्री ती उष्णता बाहेर घालवायची तर गार वारा घरातून वाहिला पाहिजे. म्हणजे मे महिन्यात खिडकी सकाळी आठ-नऊला लावून घ्यायची आणि सूर्य गेल्यावर सताड उघडायची. बहुतेक घरांत नेमके उलटे चालते. दिवसभर हवा यावी म्हणून उघडी आणि रात्री बंद. बंद का? मी घरोघर विचारले. उत्तरे सगळीकडे तीच. चोराची भीती. मांजर येते, साप येईल. रस्त्यावरून आत दिसते, घरात तरणी सून आहे. डास. यातले एकही कारण खोटे नाही. तेव्हा खिडकी निवडताना काच कोणती याच्या आधी विचारा, ही खिडकी रात्री उघडी ठेवून घरातली बाई निर्धास्त झोपेल का? झोपणार नसेल तर कितीही महागाची आणा, ती भिंतच आहे.

आमची सोय अशी झाली. खालची झडपे रात्री बंद, त्यामुळे आतले दिसत नाही. वरची उघडी, त्यांना गज आणि आतून बारीक जाळी. समोरच्या भिंतीत स्लॅबच्या खाली वीतभर दोन झरोके फोडले, त्यांनाही गज आणि जाळी. तापलेली हवा वर चढते ती तिथून जाते आणि खालून गार हवा येते. खोलीला एकाच बाजूला खिडकी असेल तर वारा दारात उभ्या राहिलेल्या भिडस्त पाहुण्यासारखा बाहेरूनच परततो. आत यायला एक वाट आणि जायला दुसरी, समोरासमोर किंवा निदान शेजारच्या भिंतीत. जाळीने वारा थोडा कमी होतो, म्हणून जाळीची खिडकी जरा मोठी धरावी. भूकंपाच्या मुलखातल्या मंडळींसाठी एक सांगितले पाहिजे. खिडकी भिंतीच्या कोपऱ्याला चिकटून घेऊ नका आणि लिंटलचा पट्टा सगळ्या भिंतींवरून अखंड फिरवा. झरोके फोडतानाही तो पट्टा तोडायचा नाही. आम्ही ते गवंड्याला बजावून सांगितले होते.

सरकत्या खिडक्यांबद्दल माझे मत कडवट झाले आहे, ते जमेस धरूनच वाचा. दोन पट्ट्यांची सरकती खिडकी कितीही ढकलली तरी निम्मीच उघडते. विकत घेता चोवीस चौरस फूट, वारा मिळतो बारा चौरस फुटांचा. झडपांची खिडकी जवळजवळ पूर्ण उघडते. वळवाचा पाऊस पश्चिमेकडून झोडपतो तेव्हा सरकत्या खिडकीच्या खालच्या पन्हाळीत पाणी साठते. तिची भोके मातीने बुजलेली असली की ते पाणी आत भिंतीवर उतरते. तिचा गुण एकच, ती जागा अडवत नाही. अरुंद बोळ असेल, बाहेर झडप उघडायला वाव नसेल, तर ती घ्यावी.

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०१८ मध्ये राहत्या घरांसाठी इको निवास संहिता काढली. ती मोठ्या भूखंडांवरच्या इमारतींसाठी आहे, पण तिच्यातला एक हिशेब आपल्याला फुकट वापरता येतो. उष्ण आणि कोरड्या हवामानात खिडक्यांचा उघडणारा भाग घराच्या चटईच्या निदान एक दशांश असावा. कोकणासारख्या दमट उकाड्यात एक षष्ठांश, कारण तिथे रात्रही निवत नाही, वाराच काय तो आधार. यात शब्द महत्त्वाचा तो 'उघडणारा'. बारा बाय बाराच्या खोलीला आमच्याकडे साधारण साडेचौदा चौरस फूट उघडी जागा लागते. सरकती घेतली तर त्यासाठी एकोणतीस चौरस फुटांची खिडकी आणावी लागेल, म्हणजे दुप्पट काच आणि दुप्पट ऊन.

मागे जिल्ह्याच्या गावचा एक विक्रेता आमच्या पंचायत समितीत येऊन गेला. दुहेरी काचेची, प्लास्टिक चौकटीची खिडकी. दोन काचांच्या मध्ये हवा कोंडलेली. माहितीपत्रक छान गुळगुळीत होते. वस्तू वाईट नाही. अशा काचेतून आतली ऊब बाहेर जायला किंवा बाहेरची आत यायला जवळपास निम्मीच वाट मिळते. थंड मुलखात ती सोन्यासारखी आहे. आपल्याकडे बंद खोलीत वातानुकूलन यंत्र दिवसभर चालवणाऱ्यालाही वीज वाचवायला मदत करील. पण साध्या पारदर्शक दोन काचा घेतल्या तर सरळ पडणारे ऊन त्या फार थोडे अडवतात. आणि ज्याला खिडकी रात्रभर उघडीच टाकायची आहे त्याला उघड्या खिडकीच्या काचा दोन असोत की चार, फरक काय? तेवढ्या पैशात आमची पडवी झाली.

कूलरचेही ओघाने सांगतो, कारण तोही खिडकीशीच बांधलेला आहे. कूलर खोलीच्या मध्ये ठेवून सगळी दारे-खिडक्या लावून घेणारे लोक मी पाहतो. तासाभरात खोली ओलीगच्च होते आणि अंग चिकट. कूलरने बाहेरची कोरडी हवा ओढली पाहिजे, म्हणून तो खिडकीत, आणि समोरची खिडकी चार बोटे उघडी, ओलसर हवा जायला. दीडशे-दोनशे वॅटवर काम भागते. दीड टनाचे वातानुकूलन यंत्र पंधराशेच्या घरात वीज खाते. स्लॅबला उन्हाळ्याआधी चुन्याचा पांढरा हात मारायला विसरू नका. खिडकी कितीही शहाणी असली तरी डोक्यावरचा तवा निराळा.

स्वयंपाकघराबद्दल सौ.चे म्हणणे असे की पुरुषांनी तिथली खिडकी ठरवूच नये. गॅस आला तरी आंघोळीचे पाणी आणि भाकरी पुष्कळ घरी चुलीवरच होते. चुलीच्या वरच्या बाजूला, छताजवळ झरोका पाहिजे. धूर तिथे जातो, माणसाच्या नाकासमोरच्या खिडकीतून तो जात नाही. आणि ओट्यासमोरची खिडकी पश्चिमेला नको, संध्याकाळच्या स्वयंपाकाला एक ऊन चुलीचे आणि एक आभाळाचे. तिने हे बोलून दाखवले तेव्हा आमच्या ओट्याची खिडकी पश्चिमेलाच होती. आता तिच्याबाहेर पडवीचे दुसरे टोक आले आहे.

माय त्या खोलीत आणखी सहा उन्हाळे राहिली. २०२१ च्या पावसाळ्यात ती गेली, वयाने आणि शांतपणे. शेवटपर्यंत सकाळी नऊच्या सुमाराला ती काठीने झडप ढकलून लावायची. कोणी उघडी ठेवली तर ओरडायची.

गेल्या चैत्रात शेजारच्या गावातली एक बाई कार्यालयात आली. नवरा नाही, दोन मुले शाळेत. घरकुल मंजूर झालेले, एक लाख वीस हजारांचे. भिंती लिंटलपर्यंत आल्या होत्या. "साहेब, दोन खिडक्या आणल्यात. रस्त्याकडं बसवू का? गवंडी म्हणतोय तिकडं शोभतील." रस्ता कुठल्या दिशेला, विचारले. मावळतीला. मी म्हणालो, "वहिनी, उद्या चारला येतो. तोवर बसवू नका."

गेलो. गवंडी नाराज होता, त्याचा दिवस जाणार होता. आम्ही काही न करता सहापर्यंत अर्ध्या भिंतीत बसून राहिलो. ऊन कुठे पडते ते तिने आपल्या डोळ्यांनी पाहिले. धाकट्या मुलाने विटेच्या तुकड्याने जमिनीवर त्याच्या कडा आखल्या. दर अर्ध्या तासाला एक रेघ. शेवटची रेघ थेट जिथे चूल मांडायची होती तिथवर पोचली. तेव्हा ती स्वतःच गवंड्याला म्हणाली, हिकडची खिडकी बुजवा. घरकुलाची चटई पंचवीस चौरस मीटरची, म्हणजे साधारण दोनशे सत्तर चौरस फूट. एक दशांश म्हणजे सत्तावीस. तिच्या दोन सरकत्या खिडक्या मिळून उघड्या होणार होत्या बारा चौरस फूट.

दुकानदाराने एक खिडकी परत घेतली, पैसे थोडे कापून. दुसरी उत्तरेला बसवली, शेजाऱ्याच्या भिंतीकडे, जिथे बाहेर झडप उघडायला जागाच नव्हती. तालुक्याच्या बाजारात उतरवलेल्या वाड्यांचे दारे-खिडक्यांचे लाकूड विकायला येते, तिथून ती झडपांच्या दोन जुन्या खिडक्या घेऊन आली. मी भाव करायला बरोबर जातो म्हटले तर म्हणाली, भाव मी करते, तुम्ही वाळवी बघा. दोन्ही दक्षिणेला लागल्या. पश्चिमेला फक्त वर दोन झरोके. चुलीवरही एक. हिशेब सत्तावीसला थोडा कमीच पडतो, पण दार पूर्वेला आहे आणि त्याला तिने रात्रीसाठी जाळीचे दुसरे दार करायचे ठरवले आहे.

परवा त्या बाजूला गेलो होतो म्हणून डोकावलो. स्लॅब पडला आहे, पाणी मारणे चालू आहे. पश्चिमेला तिने तुराट्यांची ताटी आत्ताच उभी करून ठेवली आहे. दक्षिणेच्या एका खिडकीला कडी अजून बसायची आहे. तोवर ती सुतळीने बांधलेली आहे.